चार मिनिटांचा सदरा

मंडळी, घरोघरी सकाळी एखादी लढाई असतेच. कुठे न्हाणीघरासाठी, कुठे नळाच्या पाण्यासाठी, कुठे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासाठी. या घरातली लढाई सदऱ्याच्या उजव्या बाहीसाठी होती आणि ती रोज साडेसातला सुरू व्हायची.

एका बाजूला घरचा कर्ता मुलगा, धंद्याने टॅक्सीवाला. दुसऱ्या बाजूला खुर्चीत बसलेले त्याचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. डावी बाही कशीबशी चढे. उजवीपाशी घोडं अडे. म्हाताऱ्याचा उजवा हात कोपरात दुमडून छातीला चिकटलेला आणि मूठ गच्च मिटलेली असे. मुलगा मनगट धरून ओढी. तो जसजसा ओढी तसतसा हात आणखीच आत जाई.

"सोडा ना, बाबा! सैल सोडा!"

बाबा काही सोडत नसत.

"बघ, कसे धरून बसलेत! मुद्दाम करतात. मला बरोबर आठला पहिलं गिऱ्हाईक असतं, हे त्यांना तेवढं पक्कं कळतं!"

"अहो, हळू," सून दारातून म्हणाली. "कालच शिवलीय ती बाही."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाही काखेपासून टरकली. म्हाताऱ्याने तोंडातून एक आवाज काढला. रडणं नव्हे, ओरडणं नव्हे. चाक रुतलेल्या गाडीसारखा आवाज. सून सुईदोऱ्याकडे वळली. सुईदोरा आता फडताळात ठेवायचीच सोय उरली नव्हती, तो टेबलावरच असे.

आता या बाप-लेकाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. म्हातारा अडतीस वर्षं बस चालवत होता. डेपोत त्याला कोणी नावाने ओळखत नसे. सगळे 'लोणी' म्हणत. कारण त्याच्या बसमध्ये आईच्या मांडीवर झोपलेलं मूल शेवटच्या थांब्यापर्यंत जागं होत नसे. ब्रेक कधी लागला ते कळायचं नाही, वळण कधी गेलं ते कळायचं नाही. आणि अशा माणसाच्या पोटी जन्मलं ते तुफान! मुलाचं नावच डेपोवाल्यांनी तुफान पाडलं होतं. जेवण धावत, बोलणं धावत, लग्नाच्या दिवशीही हा घाईघाईत डाव्या पायात उजवा बूट घालून उभा. त्याच्या टॅक्सीच्या मागे 'अति घाई संकटात नेई' असं सुबक अक्षरांत रंगवलेलं होतं. पण ते मागच्यांसाठी. स्वतः तो कधी गाडीच्या मागे जाऊन वाचत बसला नाही.

वडिलांनी त्याला बसच्या चाकाला कधी हात लावू दिला नव्हता. "तू घाईचा माणूस. तुझ्या हातात गाडी नको," एवढंच म्हणाले होते. तो सल मुलाच्या मनात पंचवीस वर्षं होता. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वडिलांना स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं. आधी रस्ते गेले, मग नावं गेली, मग बोलणं आटलं. आणि गेल्या वर्षापासून अंग ताठायला लागलं. मुलगा बायकोला म्हणे, "आयुष्यभर मला नाहीच म्हणत आले. आता तोंड बंद झालं, तर हाताने नाही म्हणतात."

तसा तो बापाची काळजी करत नव्हता असं मुळीच नाही. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून रबराचा चेंडू आणला. तो मुठीत कोंबून रोज म्हणे, "दाबा, बाबा, दाबा!" रात्री जेवणाआधी कोपर सरळ करायला वीस झटके द्यायचा, मोजून. जाम झालेलं काहीही जोर लावला की सुटतं, हा त्याचा अनुभव. पण हात काही सुटला नाही. उलट मुठीतून वास यायला लागला. सुनेने एक दिवस महत्प्रयासाने करंगळी उचलून पाहिली, तर नखं तळव्यात रुतून जखम झालेली!

डॉक्टरांनी जखमेला मलम दिलं आणि एका फिजिओथेरपीवाल्या बाईंचा पत्ता दिला. बाई घरी येऊन बघत.

त्या आल्या शनिवारी सकाळी, नेमक्या साडेसातला. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात पळायचे बूट. खांद्याची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "मी आले नाही असं समजा. रोज जसं घालता तसं घाला कपडे."

मुलाने घातले. म्हणजे लढला. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. बाही चढली तेव्हा मुलाच्या कपाळावर घाम होता.

"बघितलंत? इतकी ताकद आहे अंगात! आणि चमचा धरायचा म्हटलं की हात कापतो. हट्ट नाही तर काय?"

"चमचा धरतात अजून?" बाईंनी पटकन विचारलं.

"तेवढंच करतात स्वतःचं स्वतः," सून म्हणाली. "चमचा त्या मुठीत सरकवून द्यावा लागतो, ताट अगदी जवळ घ्यावं लागतं. पण दुसऱ्याने भरवलेलं चालत नाही. तोंड मिटून घेतात. मात्र या महिन्यात निम्मं सांडतंय."

बाईंनी मान हलवली. मग मुलाला म्हणाल्या, "भाऊ, जरा इकडे या. डोळे मिटा."

त्याने मिटले. बाईंनी काही न सांगता त्याचं मनगट धरून खसकन ओढलं. तुफानाचा हात दगडासारखा झाला आणि तो ओरडला, "अहो!"

"अडवलंत का?"

"अडवलं का म्हणजे? अचानक ओढलंत तुम्ही!"

"मुद्दाम अडवलंत?"

"मुद्दाम कसलं! आपोआप झालं."

"तुम्हाला माहीत होतं की मी कोण, कशाला आले, समोर उभी आहे. तरी आपोआप झालं. यांना तर तेही माहीत नाही. कोणीतरी येतं, मनगट पकडतं, ओढतं. भाऊ, हा हट्ट नाही. हा आजाराचाच भाग आहे. मेंदू जसा थकत जातो तसे स्नायू ऐकेनासे होतात. दुसऱ्याने अंग हलवलं की ते आपोआप विरोध करतात. आणि जितक्या जोरात हलवाल, तितका विरोध वाढतो. 'सैल सोडा' म्हणून सुटत नाही ते. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी केव्हाच सोडलं असतं."

"मग काय, असंच बसू द्यायचं?"

"बसू दिलंत तर तीही चूकच," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण आता त्यात गंमत नव्हती. "हात सारखा दुमडलेला राहिला की आतले स्नायू, शिरा आखडून आखूड होतात. आज हे दार आतून लोटलेलं आहे. वेळीच काही केलं नाही, तर भिंत होईल. मग मी काय, कोणीच उघडू शकणार नाही. आणि मग चमचाही गेला, समजा."

म्हातारा खिडकीकडे बघत होता.

बाईंनी सदरा पुन्हा अलगद उतरवला, मग खुर्चीखाली पाहिलं. म्हाताऱ्याचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते. त्यांनी एक लाकडी खोकं मागितलं, त्यावर दोन्ही पाय टेकवले आणि कोपराखाली उशी दिली. "पाय अधांतरी असले की माणूस कुठे तरी घट्ट धरून बसतो. उभ्याने बसमधून जाणारा दांडा कसा आवळतो? तसं."

मग त्या समोर स्टूल घेऊन बसल्या. म्हाताऱ्याची नजर आपल्याकडे येईपर्यंत काही केलं नाही. नजर आली तेव्हा हसल्या. म्हणाल्या, "ड्रायव्हरसाहेब, सदरा घालू या." तळहात त्याच्या कोपराखाली नेला आणि नुसता ठेवला. धरला नाही. थोड्या वेळाने हात इतका सावकाश हलू लागला, की कोण हलवतंय तेच कळेना. मध्येच तो ताठला. बाई थांबल्या, किंचित मागे आल्या, वाट पाहिली. पुन्हा निघाल्या. मनगट अलगद आत वाकवलं, तशी बोटं आपणहून थोडी ढिली झाली. आधी ताठ हाताची बाही चढली, मग सैल हाताची. एक टाका उसवला नाही.

सून पदराने डोळे पुसत होती. मुलगा मात्र घड्याळाकडे बघत होता.

"चार मिनिटं लागली," तो म्हणाला. "सकाळी माझ्याकडे चार मिनिटं कुठून असणार?"

"आणि भांडायला किती लागतात?"

उत्तर सुनेने दिलं. "अकरा. बाही शिवायचे वेगळे."

बाई खळखळून हसल्या. जाताना चेंडू पिशवीत टाकून घेऊन गेल्या. "मूठ आधीच मिटलेली, तिला आणखी मिटायला कशाला शिकवता? दिवसातून दोनदा कोमट पाण्याने हात धुवा, कोरडा करा, मऊ रुमालाची गुंडाळी धरायला द्या. झटके बंद. ताणाताणी बंद. आणि त्यांना जे जमतंय ते त्यांनाच करू द्या, वेळ लागला तरी."

"तुमच्या हाताला गुण आहे," मुलगा दारात म्हणाला. "आमच्याकडून नाही व्हायचं ते."

"माझ्या हाताला गुण नाही, भाऊ. सवड आहे."

बाई गेल्या. मुलाला पटलं का? नाही. सोमवारी सकाळी पुन्हा मनगट, पुन्हा खेचाखेच. सुनेने सुईत दोरा ओवला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

पण मंडळी, शहाणपण कधीकधी आपल्याच गाडीत बसून येतं.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास लाल सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीत एक बाई येऊन बसल्या. हातात पिशव्या, कानाशी फोन, धाप लागलेली. पुढच्या सीटवर बसून त्यांनी सीटबेल्टचा पट्टा खसकन ओढला. पट्टा अडला. त्यांनी आणखी जोर लावला. तो आणखी अडला.

"अहो, तुमचा पट्टा जाम झालाय!"

टॅक्सीवाला हसला. दिवसातून दहा वेळा तो हेच सांगत असे. तोंडपाठ वाक्य होतं. "जाम नाही झाला, ताई. झटका देऊ नका. जितक्या जोरात ओढाल तितका तो धरून ठेवणार. त्याची घडणच तशी आहे. सोडा, थोडा मागे जाऊ द्या. हं. आता हळू ओढा. बघा, येतो की नाही..."

पट्टा सरसर आला. आणि टॅक्सीवाला त्या पट्ट्याकडे बघतच राहिला.

अरे देवा! दहा वेळा! दिवसातून दहा वेळा परक्या माणसांना जे मी समजावतो, ते माझ्या बापाच्या हाताला एकदाही लावलं नाही! निर्जीव पट्ट्याचं मन मी ओळखतो, आणि ज्या हाताने मला वाढवलं, त्याला म्हणतो मुद्दाम करतो!

सिग्नल हिरवा झाला होता. मागून भोंग्यांचा कल्लोळ. "अहो, चला ना!" बाई ओरडल्या. तो निघाला. त्यांना सोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भरल्या दुपारी धंदा टाकून घरी आला.

सून घाबरली. "काय झालं? कुठे ठोकलीत?"

"कुठे नाही. खोकं कुठे आहे ते? पायाखालचं."

तो वडिलांसमोर स्टूल घेऊन बसला. कोपराखाली हात नेला. पण सवयीचा हात तो. दोन श्वासांत घाई झालीच. म्हाताऱ्याचा हात ताठला. आणि मुलाचं लक्ष खाली गेलं. म्हाताऱ्याचा उजवा पाय खोक्यावर दाबला गेला होता. घट्ट, टाच टेकून, चवडा खाली.

"ब्रेक मारतायत," मुलगा हळूच म्हणाला.

"काय?"

"मी जोरात चालवतोय ना. ब्रेक मारतायत."

पाय खरंच ब्रेकसाठी दाबला की अंग ताठलं म्हणून, देव जाणे. पण मुलाला जे समजायचं होतं ते समजलं. तो थांबला. हात थोडा मागे जाऊ दिला. लोण्याच्या बसमध्ये लहानपणी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्याने पाहिलेलं त्याला आठवलं: वळण यायच्या किती आधी बाबांचा पाय उचलला जाई, किती हलके चाक फिरे. तसं चालवायचं. त्याने तसंच चालवलं. कोपर उघडू लागलं. अर्धंच उघडलं, पण उघडलं! खोक्यावरचा पाय सैल पडला.

तुफानाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "नाही म्हणत नव्हते ग ते मला," तो बायकोला म्हणाला. "मीच विचारत नव्हतो."

दुसऱ्या दिवसापासून गजर दहा मिनिटं आधीचा लागला. कोमट पाणी, मऊ रुमाल, खोकं, उशी. आधी ताठ हात. म्हाताऱ्याचे सदरे सुनेने एक माप मोठे शिवून घेतले. चमच्याच्या दांड्याला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे अर्धवट मुठीत नीट बसावा.

रविवारी थोरली बहीण आली. सासरी राहणारी, तोंडाने फटकळ, मनाने चांगली. वडिलांची मूठ पाहून म्हणाली, "ही नखं किती वाढलीत! तुम्हा दोघांना दिसत नाही? आण इकडे नेलकटर." आणि तिने बोटांची टोकं धरून मूठ उघडायला ओढली.

"ताई, थांब!"

"अरे, मुद्दाम आवळतायत बघ. लहान पोरासारखं करतात. जरा जोरात धरलं की..."

"ताई, हात सोड त्यांचा." आवाजात असं काही होतं की ती थबकली. "मुद्दाम नाही करत. तू ओढतेस म्हणून आवळतात. बस इथे. मी दाखवतो."

"तू? तू मला धीर धरायला शिकवणार? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तो तू!"

"हो. मीच."

त्याने मनगट आत वाकवलं, थांबला, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच बोट ठेवलं. पाच नखं कापायला वीस मिनिटं गेली. बहीण तोंडाला पदर लावून बघत राहिली. शेवटी म्हणाली, "सूर्य कुठे उगवला ग आज?" सून म्हणाली, "टॅक्सीत."

सगळं गोडच झालं असं मात्र समजू नका. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस विमानतळाचं भाडं होतं, उशीर झाला होता आणि तुफान पुन्हा तुफान झालं. एकच झटका दिला. म्हातारा कळवळला. त्या दिवशी त्याने चमचा धरलाच नाही, भरवलेलंही घेतलं नाही. दुपारी मुलगा बाईंना फोनवर म्हणाला, "मी सगळं घालवलं."

"एका दिवसाने जात नाही आणि एका दिवसाने येत नाही," बाई म्हणाल्या. "उद्या साडेसात आहेच की."

उद्याचे साडेसात वाजले. परवाचे वाजले. त्याने एकही सकाळ चुकवली नाही. पहिलं गिऱ्हाईक सव्वाआठचं केलं. ज्याला घाई होती, त्याने दुसरी टॅक्सी पाहिली.

सहा आठवड्यांनी बाई आल्या. तळव्यातली जखम भरली होती. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, पण पूर्वीपेक्षा दुमडलेलंही नव्हतं. बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "आठवण परत येणार नाही. आजार पुढे जाणार, तो थांबवणं माझ्या हातात नाही. पुढे आणखी कठीण दिवस येतील, तेव्हा मला बोलवा, नव्याने बघू. पण सहा आठवड्यांपूर्वी मला वाटलं होतं, हा हात जाणार. तो अजून तुमच्यात आहे."

सुनेने ताट ठेवलं. म्हाताऱ्याने जाड दांड्याचा चमचा मुठीत घेतला. एक घास सांडला. दुसरा तोंडात गेला. तिसरा गेला. बाकीचे तिघे दुसरीकडेच बघत असल्यासारखे उभे होते. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये म्हणतात ना!

त्यानंतर आठवड्याने डॉक्टरांकडे तपासणीला जायचं होतं. मुलाने वडिलांना टॅक्सीत पुढच्या सीटवर बसवलं, पायाखाली खोकं दिलं. सून मागे बसली. उशीर होत होता. मुलाने वडिलांच्या अंगावरून पट्टा खसकन ओढला. पट्टा अडला. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा अडला.

"हळू," कोणीतरी म्हणालं.

मुलगा मागे वळला. "काय म्हणालीस?"

"मी नाही," सून म्हणाली. तिचे डोळे विस्फारले होते.

म्हातारा समोर काचेतून रस्त्याकडे बघत होता. चार महिन्यांत तोंडातून शब्द फुटला नव्हता.

मुलाने पट्टा सोडला. मागे जाऊ दिला. मग हळू, अगदी हळू ओढला. "हो, बाबा," तो म्हणाला. "हळूच."

तर मंडळी, सांगायचं ते एवढंच. आपल्या घरातलं थकलेलं माणूस ताठलं, तर ते आपल्याशी भांडत नसतं. ते त्याच्या आजाराशी भांडत असतं, आणि आपण ओढून त्या आजाराची बाजू घेतो. जाणकाराला विचारा, लाजू नका. झटका देऊ नका. आणि असंच टाकूनही देऊ नका. रोज समोर बसा, आधी नजर मिळवा, मग हात लावा. ज्यांनी आपल्याला पहिला सदरा घातला, त्यांनी तेव्हा मिनिटं मोजली नव्हती. आपल्याला तर चारच द्यायची आहेत.